‘हलका आहार’ लिहून थांबू नका: जठर काढणाऱ्या शस्त्रक्रिया विभागांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कर्करोग शस्त्रक्रिया विभागांचे प्रमुख, निवासी डॉक्टर आणि वॉर्डच्या सिस्टर-इन-चार्ज यांस

विषय: जठर काढलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरची आहाराची ओळ

सप्रेम नमस्कार.

कॅन्सरमुळे जठर काढलेला रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या कार्डावर औषधांच्या खाली साधारण अशी एक ओळ असते: ‘आहार: हलका, पातळ. थोडं थोडं खाणे. भरपूर पाणी पिणे.’ वॉर्डात त्या दिवशी अजून सहा डिस्चार्ज असतात, निवासी डॉक्टर रात्रभर जागे असतात, आणि ही ओळ हाताला सवयीची झालेली असते. कोणाचा हेतू वाईट नसतो. पण घरी गेल्यावर रुग्णाची बायको, सून किंवा आई ही ओळ अक्षरशः पाळते, आणि त्यातूनच त्याचे हाल सुरू होतात. आम्ही आहारतज्ज्ञ आणि परिचारिका हे पत्र या एका ओळीबद्दल लिहीत आहोत. ती बदलायला नवीन यंत्र लागत नाही की नवीन पद मंजूर करून घ्यावं लागत नाही.

आधी ‘हलका’ या शब्दाचं बघू. आपल्याकडे घरोघरी हलकं म्हणजे भाताची पेज, साबुदाण्याची खीर, डाळीचं वरचं पाणी, शहाळं आणि पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पावडर. ज्याचं पोट जागेवर आहे अशा तापातल्या माणसाला हे दोन दिवस चालतं. जठर गेलेल्या माणसाला यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. गोड आणि पातळ पदार्थ त्याच्या आतड्यात थेट कोसळतात आणि डाळीच्या पाण्यात प्रथिनं नावापुरती असतात. शिवाय ‘हलका’ किती दिवस, हे कार्डावर कुठेच नसतं. मऊ, कुस्करलेलं अन्न साधारण पहिले चार ते सहा आठवडे, शस्त्रक्रियेत केलेला अन्ननलिका-आतड्याचा जोड भरून येईपर्यंत द्यायचं. मग टप्प्याटप्प्याने नेहमीच्या जेवणाकडे यायचं. ही मुदत लिहिलेली नसल्याने सहा महिन्यांनी फॉलोअपला आलेला रुग्ण अजून पेजेवरच असतो, आणि वजन बारा किलोने उतरलेलं असतं.

जठर जाऊनही माणूस जगू शकतो, हे सव्वाशे वर्षांहून जुनं सत्य आहे. १८९७ साली झ्युरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी एका बाईचं संपूर्ण जठर काढलं. ती खाऊ-पिऊ लागली आणि वर्षाहून जास्त जगली. पण जगता येणं वेगळं आणि ताकदीने उभं राहणं वेगळं. जठराची कामं कुठे गेली हे रुग्णाला सोप्या शब्दांत सांगितलं, तर पुढच्या प्रत्येक सूचनेमागचं कारण त्याला आपोआप कळतं. म्हणून वॉर्डात निघण्याआधी पाच मिनिटं काढून एवढं तरी सांगावं, असं आम्हाला वाटतं.

जठर ही लिटरभर अन्न मावणारी पिशवी होती. ती अन्न घुसळून त्याचे एक-दोन मिलिमीटरचे कण करायची आणि खालच्या झडपेतून थोडंथोडं आतड्यात सोडायची. तिच्यातलं आम्ल जंतू मारायचं आणि अन्नातलं लोह शोषलं जाईल अशा रूपात आणायचं. तिच्याच पेशी इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन तयार करायच्या, ज्याच्याशिवाय अन्नातलं बी-१२ अंगी लागत नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यतः तिथेच बनायचं. आता अन्ननलिका थेट लहान आतड्याच्या वेटोळ्याला जोडलेली आहे. ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, वरून बंद करून बाजूला ठेवलेला आहे. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यातूनच येतो आणि जोडाच्या चाळीस ते साठ सेंटिमीटर खाली अन्नाला भेटतो. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने जिथे शोषले जायचे, तो रस्ताच अन्नाने सोडलेला आहे.

हे समजलं की ‘थोडं थोडं खाणे’ ही सूचना किती अपुरी आहे ते दिसतं. थोडं म्हणजे किती? घरच्या वाट्या शंभर मिलीपासून अडीचशे मिलीपर्यंत असतात. डिस्चार्जच्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बोलवा. मुलगा बिल भरायला येतो, समुपदेशन त्याच्यापुढे होतं, आणि स्वयंपाकघरात जी उभी राहणार तिला काहीच माहीत नसतं. तिला घरची वाटी आणायला सांगा, औषधाच्या मापाने त्यात पाणी ओता आणि दीडशे मिलीची रेघ दाखवा. पहिल्या महिन्यात एका वेळी अर्धी ते पाऊण वाटी, दिवसातून सात-आठ वेळा, दर दोन-अडीच तासांनी. पुढे वाटी भरून, सहा वेळा. आतड्याला हळूहळू सवय होते आणि वर्षभरात बहुतेकांची एका वेळी खाण्याची क्षमता वाढते, पण पूर्वीचं भरलेलं ताट परत येईल असं आश्वासन देऊ नये.

आणि ‘भूक लागेल तसं खा’ असं तर कधीच सांगू नका. घ्रेलिन घटल्याने भूक लागतच नाही. घड्याळ बघून खायचं. फोनमध्ये आठ गजर लावून द्या. हे काम वॉर्डातली शिकाऊ परिचारिकाही पाच मिनिटांत करते. भूक नसल्यामुळे रुग्ण ‘नको’ म्हणतो, घरच्यांना वाटतं त्याने उमेद सोडली आहे, आणि जेवणाच्या प्रत्येक वेळेला वाद होतो. भूक न लागणं हा शस्त्रक्रियेचाच परिणाम आहे, एवढं एक वाक्य आधी सांगितलं तर ते घर बरंच शांत राहतं.

चावण्याबद्दलही नेमकं बोलायला हवं. घुसळायचं काम आता दातांचं आहे. घास पार गुळगुळीत होईपर्यंत, वीस-पंचवीस वेळा चावायचा आणि एका खाण्याला वीस ते तीस मिनिटं द्यायची. ज्यांना दात नाहीत किंवा कवळी सैल आहे, त्यांची कवळी शस्त्रक्रियेआधीच नीट करून घ्यायला हवी. शेवग्याच्या शेंगा, फणसाचे गरे, संत्र्याच्या फोडींवरची साल, ऊस चघळणं, न चावलेलं खोबरं: यांच्या धाग्यांचा गोळा होऊन आतडं अडू शकतं. जठराचा काही भाग शिल्लक असणाऱ्यांत हा धोका विशेष असतो, कारण तिथे ते धागे साचून राहतात.

‘भरपूर पाणी’ ही सूचना आम्हाला सर्वांत जास्त खटकते. पाणी हवंच, दिवसाला दीड ते दोन लिटर, पण जेवणाबरोबर नको. जेवताना घेतलेलं पाणी अन्नाला घेऊन धावतं, आणि ती इवलीशी जागाही भरून टाकतं. खाण्याच्या अर्धा तास आधी थांबायचं आणि नंतर अर्ध्या तासाने सुरू करायचं, एका वेळी शंभर-दीडशे मिली, घोट घोट. दिवसाचं पाणी सकाळी दोन बाटल्यांत भरून ठेवलं की किती झालं ते दिसतं. वरण पातळ नको, घट्ट हवं. ताक-सूपही जेवणाशेजारी नको, मधल्या वेळी घ्यावं.

आता डम्पिंग, म्हणजे अन्न आतड्यात एकदम कोसळल्याने होणारा त्रास. त्याचं निदान बरेचदा उशिरा होतं, कारण ‘अशक्तपणा’ या शब्दाखाली ते दडतं. एसटी स्टँडवर उकाड्यात माणूस ग्लासभर उसाचा रस पितो. पंधरा-वीस मिनिटांत पोट फुगतं, कळा येतात, छाती धडधडते, घाम सुटतो, चक्कर येते, शौचाला पळावं लागतं. साखरेचं दाट पाणी आतड्यात एकदम आलं, ते पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं गेलं आणि रक्तदाब उतरला. हे लवकरचं डम्पिंग. तोवर साखर झपाट्याने शोषली गेलेली असते, इन्सुलिन उसळतं, आणि दोन तासांनी रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाते: हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं. हे उशिराचं डम्पिंग. सोबतचा माणूस घाबरून ग्लुकोजचं पाणी भरपूर पाजतो, आणि सगळं चक्र पुन्हा सुरू होतं.

त्या क्षणी साखर द्यायचीच, पण मापात: तीन चहाचे चमचे, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम. बरं वाटू लागलं की पंधरा मिनिटांनी एक उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा किंवा मूठभर फुटाणे बारीक चावून. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्याच वेळी बोटाची साखर मोजून लिहून ठेवायची. ओपीडीत ती एक नोंद तासभराच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडते. पुन्हा होऊ नये म्हणून शीरा, खीर, जिलबी, सरबत, गोड चहात बुडवलेली बिस्किटं, रिकाम्या पोटी केळं-साखर आणि उपासाची साबुदाणा खिचडी बाजूला ठेवायची. प्रत्येक खाण्यात प्रथिनाचा पदार्थ आधी, भात-भाकरी नंतर. वरणावर तूप घालायला हरकत नाही; एका चहाच्या चमच्यात पंचेचाळीस कॅलरी मिळतात आणि तुपाने डम्पिंग होत नाही. लवकरचं डम्पिंग जास्त असेल तर जेवणानंतर अर्धा तास उशा लावून अर्धवट टेकून राहायचं. सपाट झोपायचं नाही, कारण पित्त घशाशी येतं. एवढं करूनही त्रास राहिला तर अकार्बोज, आणि गरज पडल्यास ऑक्ट्रिओटाइड असे उपाय आहेत. तिथे तुमचा निर्णय हवा, आमचा नाही.

मधुमेही रुग्णाचं कार्ड लिहिताना एक विनंती. शस्त्रक्रियेआधीची, रक्तातली साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी तशीच पुढे चालू ठेवली जाते. अर्ध्या वाटीच्या खाण्यावर आणि उशिराच्या डम्पिंगवर ती गोळी फार महागात पडते. औषधांचा फेरआढावा डिस्चार्जच्या आधी झाला पाहिजे. तसंच संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णाला आम्ल दाबणारं पॅन्टोप्राझोल महिनोन्‌महिने लिहिलेलं आम्ही बघतो. आम्ल तयार करणारा अवयवच उरलेला नाही, तर दाबायचं काय? त्याला होणारी जळजळ बहुधा पित्ताची असते. खाटेची उशाकडची बाजू वीतभर उचलणं आणि शेवटचं खाणं झोपण्याआधी दोन तास संपवणं याने जास्त फरक पडतो. जठराचा भाग शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी.

किती खायचं याचा आकडाही कार्डावर हवा. दर किलो वजनामागे दिवसाला पंचवीस ते तीस कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं. पन्नास किलोच्या माणसाला साडेबाराशे ते पंधराशे कॅलरी आणि पन्नास ते पंच्याहत्तर ग्रॅम प्रथिनं. आकडा ऐकून घरचे दचकतात, म्हणून तो ताटात मांडून दाखवावा लागतो. सकाळी सातला एक उकडलेलं अंडं. नऊला तीस ग्रॅम मुगाच्या डाळीचं मऊ धिरडं, तूप सोडून. अकराला पन्नास ग्रॅम पनीर. एकला अर्धी वाटी मऊ भात, घट्ट वरण आणि पन्नास ग्रॅम काटे काढलेला मासा किंवा चिकनचा खिमा. साडेतीनला शेंगदाण्याचं किंवा फुटाण्याचं तीस ग्रॅम कूट, दोन चमचे दह्यात कालवून. साडेपाचला पुन्हा एक अंडं. साडेसातला ज्वारीच्या भाकरीचा पाव भाग घट्ट पिठल्यात कुस्करून. साडेनऊला नाचणीची घट्ट, बिनसाखरेची खीर, वीस ग्रॅम दुधाची पावडर घालून. यात साठ ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं होतात, आणि बाजारातला डबा एकही लागत नाही. कॅलरी कमी पडतात तिथे तूप, शेंगदाणा तेल आणि कूट वाढवायचं. अंडं-मासा न खाणाऱ्या घरात पनीर, सोयाबीनचं पीठ, दुधाची पावडर आणि डाळींचं प्रमाण वाढवावं लागतं. प्रथिनांचा डबा घ्यायचाच असेल तर त्याच्या घटकांत साखर कितव्या क्रमांकावर आहे ते आधी वाचायला शिकवा.

दुधाबद्दल एक खुलासा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने दुधाने गॅस आणि जुलाब होऊ शकतात, कारण त्यातली साखर आतड्याला पचत नाही. तेव्हा दूध बंद करून दही-पनीरवर यावं आणि दोन-तीन महिन्यांनी पाव वाटीपासून पुन्हा करून बघावं. ‘दूध सोसत नाही’ हा शिक्का जन्मभर मारायची गरज नसते.

उपास हा विषय टाळला जातो, पण तो आपल्या घरांतला खरा विषय आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, रमजान: बरा होऊन आल्यावर नवस फेडायला माणूस आधी उपासच धरतो. दिवसभर पोट रिकामं आणि मग एकदम साबुदाणा, रताळं, खजूर, सरबत, म्हणजे डम्पिंगला आमंत्रण. हे डॉक्टरांनी स्वतः, आदराने सांगितलेलं लोक ऐकतात. आहारतज्ज्ञाने सांगितलेलं तेवढं ऐकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे, म्हणून हे वाक्य तुमच्या तोंडून यावं.

वजन पहिल्या काही महिन्यांत दहा ते वीस टक्के उतरतं आणि मग स्थिरावतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण प्रत्येक किलोला ‘आजार परत आला’ असं समजून खचतो. उलट, सांगून टाकलं की मग आठवड्याला दोन किलो जातात तेव्हाही ‘असंच असतं’ म्हणून घरी बसू नये, हेही त्याच वेळी सांगायचं. दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, शौच झाल्यावर वजन करून वहीत लिहायचं.

वजन उतरण्यामागे कमी खाणं हे मोठं कारण आहेच, पण खाऊनही उतरत असेल तर शौचाबद्दल विचारा. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी, भांड्याला चिकटणारी, फार दुर्गंधी असलेली शौच म्हणजे चरबी पचत नाही. स्वादुपिंड शाबूत आहे, पण त्याचा रस अन्नाला उशिरा भेटतो. अशा वेळी पॅन्क्रिएटिनची, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसाची कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. मोठ्या जेवणाला पंचवीस हजार युनिट आणि मधल्या खाण्याला दहा हजार युनिट इथून सुरुवात होते. जेवण आटोपल्यावर घेतली तर फुकट जाते. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हे रुग्णाला लपवू नका. सांगितल्यावर बहुतेकजण विचार करून घेतात. नंतर दुसरीकडून कळलं तर सगळ्याच औषधांवरचा विश्वास उडतो. कॅप्सूलने फरक पडला नाही आणि पोट सतत फुगत असेल, तर आतड्यात जंतूंची वाढ झाली आहे का ते बघायला हवं.

फीडिंग जेजुनोस्टोमीची (पोटावरच्या छिद्रातून लहान आतड्यात घातलेली) नळी ठेवून घरी पाठवता, तेव्हा एक मोठी गफलत होते. घरच्यांना रुग्णालयात इतर रुग्णांची नाकातली नळी बघून सिरिंजने दोनशे मिली एका दमात देण्याची पद्धत माहीत असते. ती नळी जठरात असते; ही थेट आतड्यात आहे. इथे सिरिंजने ढकललं की जुलाब आणि कळा ठरलेल्या. थेंबाथेंबानेच द्यायचं. पंप नसेल तर साध्या सलाइनच्या सेटमधून मिनिटाला वीस थेंब म्हणजे ताशी सुमारे साठ मिली. रात्री दहा ते सकाळी सहा चाललं तर ४८० मिली होतात, आणि एका मिलीत एक कॅलरी असलेलं फीड असेल तर तेवढ्याच कॅलरी. डोकं तीस ते पंचेचाळीस अंशांवर उचललेलं हवं. घरी तयार केलेलं फीड मलमलच्या कापडातून गाळायचं आणि टांगल्यापासून चार तासांत संपवायचं, विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. म्हणून रात्रीचं फीड दोन वेळा बनवायचं, एकदाच नाही. आधी आणि नंतर तीस मिली उकळून गार केलेलं पाणी सोडायचं. नळी बहुधा कुटलेल्या गोळ्यांमुळे तुंबते. म्हणून लिहिताना शक्य तिथे पातळ औषध लिहा. तुंबली तर कोमट पाण्याने हलकेच आत-बाहेर करायचं, तार कधीच घालायची नाही. निसटली तर छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून, निघालेली नळी सोबत घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात यायचं, कारण तो मार्ग काही तासांत आकसू लागतो. आणि नळी कधी काढायची हे तारखेवर ठरवू नका. तोंडाने पुरेसं जाऊ लागलं, वजन दोन-तीन आठवडे टिकलं, आणि शस्त्रक्रियेनंतरची केमो पुढे उभी नाही, तेव्हा काढावी. केमोत तोंड आलं आणि नळी नुकतीच काढलेली असली, की पुढचं सायकल पुढे ढकलण्याची वेळ येते.

आता जे विसरलं तर कायमचं नुकसान करतं ते: बी-१२. हे जीवनसत्त्व १९४८ साली वेगळं काढलं गेलं, आणि तेव्हापासून जठर काढलेल्या माणसाला त्याच्या अभावाने आजारी पडायचं कारण उरलेलं नाही. यकृतात साठा दोन ते पाच मिलीग्रॅम असतो, म्हणून अभाव दिसायला काही वर्षं लागू शकतात. नेमकं तेव्हाच रुग्ण तुमच्या ओपीडीतून बाहेर पडलेला असतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत मुळातच साठा कमी, त्यामुळे मुदतही कमी. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, चपला पायातून निसटणं, विसरणं, जीभ लाल-गुळगुळीत होणं. केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध झालेलं असेल तर मुंग्यांचा दोष त्याच्यावर टाकला जातो आणि बी-१२ तपासलंच जात नाही. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात. नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. संपूर्ण जठर काढलेल्याला एक हजार मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, कोणत्या प्रकारचं आहे त्यानुसार महिन्याला किंवा तीन महिन्यांनी, आयुष्यभर. इंजेक्शन शक्यच नसेल तर रोज एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी, कारण मोठ्या डोसातला एखादा टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषला जातो. पण मग रक्तातली पातळी तपासत राहणं भाग आहे. ‘आयुष्यभर’ हा शब्द कार्डावर मोठ्या अक्षरांत हवा. ‘बी-१२ × ५ दिवस’ असं लिहिलं की गावातला केमिस्ट आणि रुग्ण दोघेही पाच दिवसांनी थांबतात.

लोहासाठी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासा, नुसत्या हिमोग्लोबिनवर जाऊ नका. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून दोन तास दूर. दोन-तीन महिन्यांत वर आलं नाही तर शिरेतून लोह द्यावं. पोट नसलेल्या माणसाला गोळ्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कॅल्शियमसाठी कार्बोनेटऐवजी सायट्रेट लिहा, त्याला आम्लाची गरज नसते. ड जीवनसत्त्व सोबत, आणि दर दोन वर्षांनी हाडांची घनता. दारू पूर्वीपेक्षा फार लवकर चढते, हेही सांगायला हवं. आम्लाचं संरक्षण गेल्याने पाणी उकळलेलं, अन्न ताजं, आणि उघड्यावरची पाणीपुरी बंद.

एक गोष्ट ग्रामीण रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांसाठी. आठ-पंधरा दिवस उलट्या होत असलेला जठर-शस्त्रक्रियेचा रुग्ण तुमच्याकडे आला, तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन द्या, किमान शंभर मिलीग्रॅम. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, आणि ग्लुकोज तो उरलासुरला संपवतं. डोळे भिरभिरणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना झोकांडी, गोंधळलेलं बोलणं यांपैकी काही दिसलं तर डोस त्याहून बराच मोठा हवा आणि मोठ्या रुग्णालयात लगेच पाठवायला हवं. मेंदूचं हे नुकसान काही दिवसांत कायमचं होऊ शकतं. उलट्यांचं कारणही शोधा. घन अन्न अडकायला लागलं असेल तर जोड अरुंद झालेला असू शकतो. दुर्बिणीतून तो रुंद करता येतो. अशा माणसाला ‘अजून बारीक चावा’ सांगून परत पाठवू नका.

राज्यात अशा शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होतात. रुग्ण धडगाव किंवा अहेरीहून येतो, शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, आणि पुढचं आयुष्य तो ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आसपास काढणार असतो, तिथल्या डॉक्टरांना नेमकं काय काढलं आणि काय कशाला जोडलं हे कळतच नाही. कार्डावर ‘डी-२ गॅस्ट्रेक्टॉमी’ (आसपासच्या लसिकाग्रंथींसह जठर काढणं) एवढंच असतं. संपूर्ण की अर्धवट, यावर बी-१२पासून पॅन्टोप्राझोलपर्यंत सगळं अवलंबून असताना. म्हणून कार्डाला एक पान जोडा, अशी आमची मागणी आहे. पुढच्या बाजूला घरच्यांसाठी मराठीत वेळा, मापं, वर्ज्य पदार्थ आणि एक फोन नंबर, जो कामाच्या वेळेत कोणीतरी खरोखर उचलेल. मागच्या बाजूला स्थानिक डॉक्टरांसाठी मजकूर. तो आम्ही असा सुचवतो:

‘या रुग्णाचं जठर दिनांक ____ रोजी संपूर्ण / अर्धवट काढलं आहे (नको ते खोडा). अन्ननलिका / उरलेलं जठर लहान आतड्याला जोडलं आहे. बी-१२चं इंजेक्शन, एक हजार मायक्रोग्रॅम, दर ____ महिन्यांनी आपल्या केंद्रात द्यावं. संपूर्ण जठर काढलेलं असल्यास ते कधीही बंद करू नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दर सहा महिन्यांनी तपासावं. शस्त्रक्रियेच्या दिवशीचं वजन ____, डिस्चार्जचं वजन ____. डिस्चार्जच्या वजनातून पाच किलो कमी झाल्यास, घन अन्न अडकल्यास, आठवडाभर उलट्या किंवा तेलकट जुलाब राहिल्यास आम्हाला कळवावं. सलाइन लावायची वेळ आल्यास आधी थायमिन द्यावं. जेवणानंतर दोन तासांनी घाम, थरथर, चक्कर आल्यास बोटाची साखर तपासावी.’

हा मजकूर कोणत्याही विभागाने आमचं नाव न घालता, हवा तसा बदलून वापरावा. पान छापून झालं की पहिल्या दहा रुग्णांच्या घरी डिस्चार्जनंतर एका आठवड्याने फोन करा आणि स्वयंपाक करणारीलाच विचारा, आज सकाळपासून काय काय दिलं आणि कोणत्या वाटीने. पानातला कोणता शब्द तिला कळला नाही, हे तिच्या उत्तरातून कळेल. तो शब्द पुढच्या छपाईत बदला.

आपले,
जठर-शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या आहाराचं काम करणारे काही आहारतज्ज्ञ आणि परिचारिका